पारखून घेतलेला धम्म



वर्धापनदिन आला की आपण मागे वळून पाहतो. विहाराचे चिरे कोणी वाहिले, मुंबईकर मंडळींनी वर्गणी कशी जमवली, पहिली बुद्धवंदना कधी झाली, हे सगळे जुनीजाणती माणसे सांगतात आणि ते सांगितलेच पाहिजे. पण या लेखात मी थोडा दूरचा इतिहास घेतला आहे. हे विहार ज्या धम्मासाठी उभे राहिले तो धम्म आपल्यापर्यंत कोणत्या रीतीने आला, हा त्याचा विषय. धम्म काय सांगतो यावर आपण पुष्कळ बोलतो. तो कसा निवडला गेला यावर मात्र फारसे बोलणे होत नाही.

एकवीस वर्षे आणि एक दिवस

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणे मी नाकारीन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. मोजून पाहा, मधे बरोबर एकवीस वर्षे आणि एक दिवस गेला. एवढा वेळ का लागला?

घोषणेच्या दुसऱ्याच महिन्यात धर्म बदलला असता तर त्यांना अडवणारे कोणी नव्हते. येवल्याची बातमी देशभर गेली आणि मुसलमान, ख्रिस्ती, शीख आणि बौद्ध अशा सगळ्यांकडून त्यांना आमंत्रणे आली. बाबासाहेबांनी कोणाचेही आमंत्रण तडकाफडकी स्वीकारले नाही आणि न पाहता झिडकारलेही नाही. १९३६ च्या एप्रिलमध्ये ते अमृतसरला शिखांच्या परिषदेला स्वतः हजर राहिले. त्याच वर्षी आपल्या काही कार्यकर्त्यांना त्यांनी शीख धर्माचा अभ्यास करायला तिकडे पाठवले. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांचीही बाजू त्यांनी तपासली. कोणता धर्म माणसाला काय देतो, त्या धर्मात गेलेल्यांची जात खरोखर सुटते का, हे ते पाहत होते.

मे १९३६ मध्ये मुंबईत दादरला महार परिषद झाली. तिथले त्यांचे भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. ते मुळातून वाचावे. धर्मांतराच्या विरोधात जे जे आक्षेप घेतले जात होते, ते एकेक करून त्यांनी लोकांसमोर ठेवले आणि मग उत्तरे दिली. शेवटी तथागतांनी आनंदाला केलेल्या उपदेशाची आठवण दिली : स्वतःच स्वतःचा दीप व्हा, दुसऱ्याच्या उजेडावर चालू नका. ज्यांच्या एका शब्दावर हजारो माणसे उठत होती, त्या नेत्याने लोकांना सांगितले की तुमच्या बुद्धीने पाहा. ही साधी गोष्ट नाही.

पुढे बुद्ध धम्माकडे कल झाल्यावरही ते पाहतच राहिले. मद्रासचे पी. लक्ष्मी नरसू यांचे 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हे पुस्तक १९०७ सालचे. १९४८ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहून त्याची नवी आवृत्ती काढली. आपला ग्रंथ येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी दुसऱ्याचा ग्रंथ लोकांच्या हाती दिला. १९५० साली ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. तिथले विधी कसे होतात, माणसे कशी वागतात, पुस्तकातला धम्म घराघरात किती उतरला आहे, हे डोळ्यांनी पाहणे हा त्या प्रवासाचा हेतू होता. १९५४ मध्ये ते ब्रह्मदेशात दोनदा जाऊन आले. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला प्रतिष्ठापना केली. एकवीस वर्षांत त्यांनी काय केले याचे उत्तर हे असे आहे. ते वाचत होते, जाऊन पाहत होते, विचारत होते आणि ताडून पाहत होते.

सुभेदारांच्या घरातले वाचन

ही सवय त्यांना अचानक लागली नव्हती. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात भजने होत, आणि मुलांना रामायण-महाभारतही वाचायला लावले जाई.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लहानपणची एक हकिकत सांगितली आहे. त्यांनी वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत आपल्या लोकांना हलके लेखले आहे ते आम्ही का वाचायचे? वडिलांनी उत्तर दिले की आपण अस्पृश्य, त्यामुळे मनात न्यूनगंड यायची भीती. तो जावा म्हणून वाचा. द्रोण आणि कर्ण किती साध्या परिस्थितीतून किती उंच गेले ते पाहा. मुलाचे या उत्तराने समाधान झाले नाही. महाभारतातली एकही व्यक्ती त्याला भावली नाही. पण त्याने पुस्तक फेकून दिले नाही. वाचले, आणि वाचून नापसंत केले.

त्याच वयात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हे आपण सगळे जाणतो, दर जयंतीला सांगतोही. पण त्या प्रस्तावनेत पुढे जे आहे ते सहसा कोणी सांगत नाही. बाबासाहेब लिहितात की त्या लहान वयातही मी बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही. माझ्यापाशी आधीचे वाचन होते, म्हणून बुद्धाचे वाचताना मला सतत तुलना करता आली, दोहोंतला फरक पाहता आला. बुद्धाविषयीच्या आपल्या ओढीचे मूळ त्यांनी इथे सांगितले आहे. बुद्ध त्यांना पटला तो इतरांचे वाचल्यामुळे पटला. जर ते ग्रंथ घरात वाचलेच गेले नसते, तर केळुसकर गुरुजींचे पुस्तकही त्या मुलाला एक चांगली गोष्ट म्हणूनच वाटले असते, नाही का?

दापोलीचे सव्वीस प्रश्न

बाबासाहेबांच्या आधीही आपल्या कोकणात विचारणारी माणसे होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर हे त्यातले पहिले नाव. लष्करातून १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. तिच्यात सव्वीस प्रश्न होते. विटाळाला आधार काय, हे त्यांनी धर्म सांगणाऱ्यांना आणि वरच्या जातींना विचारले.

वलंगकरांच्या लोकांना तेव्हा विहिरीवर पाणी नव्हते, शाळेत बसायला जागा नव्हती. अशा माणसाने शिव्याशाप देणारे पत्रक काढले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी प्रश्न विचारले. प्रश्न विचारायचा तर समोरच्याचे शास्त्र माहीत लागते. त्याचा युक्तिवाद कुठे उभा आहे आणि कुठे लटपटतो आहे हे कळावे लागते. दुसऱ्याची बाजू समजून घेणे हे कोकणातल्या त्या निवृत्त शिपायासाठी लढाईचे साधन होते. समोरच्यांनी मात्र त्यांच्या प्रश्नांकडे पाठ फिरवली.

बाबासाहेबांनी तीच वाट पुढे नेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याआधी तो ग्रंथ बाबासाहेबांनी बारकाईने वाचलेला होता. त्या परिषदेत दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नका, मग आम्ही पाठिंबा देतो, असे काही ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी सुचवले होते. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला विरोध माणसांच्या जन्माला नाही, उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीला आहे, असे त्यांनी 'बहिष्कृत भारत' पत्रात स्पष्ट केले.

विरोधकाचे म्हणणे, आपल्याच पुस्तकात

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी पाहिल्यावर मंडळाला त्यातला काही मजकूर सोसवेना. बाबासाहेबांनी अक्षर बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे ते प्रसिद्ध पुस्तक. त्याच वर्षी जुलैमध्ये महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रात त्यावर टीका लिहिली.

पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची टीका छापली, आणि तिच्या पुढे आपले उत्तर छापले. टीकेतली सोयीची दोन वाक्ये तोडून घ्यायची आणि त्यांची खिल्ली उडवायची, हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. आजही ते पुस्तक हातात घेणाऱ्याला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी वाचायला मिळतात. ज्याची बाजू भक्कम असते त्याला दुसऱ्याची बाजू लपवावी लागत नाही.

१९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी पाहा. एका भागात पाकिस्तान मागणाऱ्या मुसलमानांची बाजू आहे आणि दुसऱ्या भागात त्याला विरोध करणाऱ्या हिंदूंची. दोन्ही बाजू अशा मांडल्या आहेत की त्या त्या बाजूच्या वकिलाने याहून चांगले मांडले नसते. स्वतःचे मत शेवटी येते. देश पेटलेला असताना, ज्याला त्याला आपल्याच बाजूचे ऐकायचे होते तेव्हा, हे काम केले ते आपल्या बाबासाहेबांनी.

मार्क्सचेही तसेच. महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. मार्क्सचे सगळे खरे किंवा सगळे खोटे, असे त्यांनी म्हटले नाही. याच विषयावरच्या त्यांच्या लेखात हिशेब स्पष्ट आहे. काळाने खोटे ठरवले ते बाजूला काढले, आणि जे उरते ते विझलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखे थोडे पण महत्त्वाचे आहे, असे सांगितले. त्या निखाऱ्याला बुद्धाचे उत्तर काय, हे मग दाखवले.

गोव्याचा मुलगा आणि रत्नागिरीचा राजा

आता बाबासाहेबांहून वेगळ्या घरातल्या एका माणसाची गोष्ट. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. सारस्वत ब्राह्मण घर, पोर्तुगीजांचे राज्य, शिक्षण बेताचे. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि मनाने ठाव घेतला. हे मासिक ख्रिस्ती अमेरिकन मिशनचे होते. म्हणजे मिशनऱ्यांच्या मासिकातून एका ब्राह्मण मुलाला बुद्ध भेटला! कोणती खिडकी उघडी ठेवली तर कुठला वारा आत येईल, हे आधी सांगता येत नाही.

कोसंबी १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, बोधगया करत १९०२ मध्ये सिलोनला पोचले, तिथे भिक्षू झाले, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. नंतर अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाला गेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. १९३७ साली मुंबईत परळला कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार काढले. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ १९४० सालचा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी पालीतल्या जुन्या वचनांशी ताडून पाहिली आणि तिच्यावर शंका घेतली. पुढे बाबासाहेबांनीही ती कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. एक गोव्याचा ब्राह्मण, एक कोकणचा महार. दोघे वेगळ्या वाटांनी निघाले आणि या एका जागी जवळ आले, कारण दोघांनीही ऐकीव गोष्ट पुन्हा तपासली.

याच्या उलट एक गोष्ट आपल्या रत्नागिरी शहरात घडली. इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला १८८६ साली रत्नागिरीला नजरकैदेत आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधला, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. तीस वर्षे एक बौद्ध राजा आपल्या जिल्ह्याच्या गावात राहत होता. पण आपल्या आजा-पणजांपर्यंत धम्म त्या वाड्यातून आला नाही. तो नागपूरमार्गे आला, आणि त्याही आधी पुस्तकांतून आला. जवळ असणे आणि माहीत असणे यात फरक आहे. शेजारी राहून काही कळत नाही, उठून विचारायला जावे लागते.

तथागतांची रीत

कोणी म्हणेल, हा बाबासाहेबांचा बॅरिस्टरी स्वभाव झाला, यात धम्म कुठे आला? तर ही रीत मुळात तथागतांचीच आहे.

मज्झिमनिकायात उपालीची कथा आहे. उपाली हा नालंदाचा धनवान गृहस्थ आणि निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा अनुयायी. तो भगवंतांशी वाद घालायला आला. बोलता बोलता त्याला भगवंतांचे म्हणणे पटले आणि तो म्हणाला, मी आजपासून तुमचा उपासक. आजच्या काळातला एखादा पुढारी असता तर लगेच हार घालून फोटो काढला असता! भगवंत म्हणाले, नीट विचार कर, तुझ्यासारख्या नामांकित माणसाने विचार करून पाऊल टाकलेले बरे. आणि पुढे सांगितले की तुझे घर आजवर निगंठांसाठी पाणवठ्यासारखे होते, तेव्हा ते भिक्षेला आले तर त्यांना देत राहा. ज्यांना सोडून आलास त्यांचे दार बंद करू नकोस.

केसपुत्त गावच्या कालामांची अडचण आपल्यासारखीच होती. गावात एकामागून एक उपदेशक येत, प्रत्येक जण स्वतःच्या मताचे गोडवे गाई आणि दुसऱ्याच्या मताला नावे ठेवी. खरे कोणाचे मानायचे? भगवंतांनी त्यांना सांगितले की ऐकिवात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. ज्याने स्वतःचे आणि दुसऱ्याचे अहित होते ते सोडा, ज्याने भले होते ते स्वीकारून तसे वागा.

आणि जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट तर बालसंस्कार वर्गातली मुलेही सांगतील. कानाला हात लागला तो म्हणाला सूप, सुळ्याला लागला तो म्हणाला नांगराचा फाळ, पायाला लागला तो म्हणाला खांब. ही गोष्ट उदान ग्रंथात आहे. तिचा शेवट मात्र आपण विसरतो. ते आंधळे शेवटी एकमेकांवर मुठी उगारून मारामारी करतात. हाताला लागले ते प्रत्येकाचे खरेच होते. दुसऱ्याच्या हाताला काय लागले हे मात्र एकानेही विचारले नाही.

सम्राट अशोकाने हेच दगडावर कोरून ठेवले. गिरनारच्या त्याच्या बाराव्या शिलालेखात म्हटले आहे की जो आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. एकमेकांचा धम्म ऐकावा, त्यातच सर्वांची वाढ आहे. अशोकाचे शब्द आपल्या कोकण किनाऱ्यावरही पोचले होते. सोपाऱ्याला त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला, आणि नवव्याचा तुकडा जवळच भुईगावला १९५६ साली सापडला. ज्या वर्षी धम्मचक्र पुन्हा फिरले, त्याच वर्षी किनाऱ्यावरचा तो दगड बोलू लागला.

"आमचं कोणी ऐकलं?"

आता एक अडचणीची गोष्ट. हे सगळे वाचून आपल्यातला एखादा वडीलधारा म्हणेल, "अहो, सगळ्यांचं ऐका म्हणता, पण आमचं कोणी ऐकलं? पिढ्यान्‌पिढ्या आम्ही गावाबाहेर राहिलो. आता आम्हीच समजून घ्यायचं?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. वलंगकरांनी विचारले तेव्हा पाठ फिरवणारे वरचे होते. दृष्टी रुंद करण्याची गरज आधी त्यांना होती, आणि अजूनही आहे. ज्याच्या पायाखाली दुसरा दबला आहे त्याने दबलेल्याचे म्हणणे ऐकणे, हा न्यायाचा पहिला भाग. तो भाग अजून पुरा झालेला नाही.

पण बाबासाहेबांनी दुसऱ्यांचे ऐकले ते त्यांच्यावर मेहेरबानी म्हणून ऐकले नाही. आपल्या लोकांना त्याची गरज होती म्हणून ऐकले. सगळ्यांचे वाचून ते मऊ पडले का? बोटचेपे झाले का? मनुस्मृती वाचली आणि जाळली. गांधीजींची टीका छापली आणि तिला सडेतोड उत्तर दिले. सगळे धर्म पाहिले आणि एक निवडला. दुसऱ्याचे ऐकणे म्हणजे आपली भूमिका सोडणे नव्हे. ऐकून घेतल्यावरही जी टिकते ती भूमिका आपली. न ऐकता जी धरून ठेवली, ती आपली आहे की कोणी हातात दिलेली, हे आपल्याला तरी कसे कळणार?

धम्म आणि दाखला

१९९० साली केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. मुलांच्या कागदपत्रांवर 'बौद्ध' लिहिताना आता पूर्वीची भीती राहिली नाही. ही मोठी गोष्ट झाली. पण शाळेच्या दाखल्यावर लिहिला जाणारा शब्द मुलाला जन्माने मिळतो. आपल्या आजोबांनी धम्म पारखून घेतला, बाबासाहेबांवरच्या विश्वासाने आणि सोसलेल्या आयुष्याच्या अनुभवाने. नातवाला तो आयता मिळाला. आयता मिळालेला आणि कधीच न तपासलेला धम्म हळूहळू काय होतो? ती एक जात होते. आपली वाडी, आपली माणसे, आपले निळे झेंडे, आपल्या घोषणा, आणि बाहेरच्याविषयी चार ठरलेली वाक्ये. ज्या गोष्टीतून बाहेर पडायला एकवीस वर्षे लागली, तिथेच आपण वेगळ्या दाराने परत जाऊ. मला या वर्धापनदिनी ही एकच काळजी बोलून दाखवायची आहे.

जयगडला तर डोळे उघडे ठेवायला कारणे पुष्कळ आहेत. शास्त्री नदीच्या मुखावरचा आपला किल्ला या बाजूने एक दिसतो, आणि फेरीबोटीने तवसाळला जाऊन मागे वळून पाहिले की वेगळाच दिसतो. इथे कुणबी आहेत, खारवी आहेत, मुसलमान मोहल्ले आहेत. २००९ पासून मोठे बंदर सुरू झाले, आणि परप्रांतातून कामाला आलेली माणसेही आता शेजारी राहतात. त्यातल्या किती जणांशी आपण बाजारापलीकडचे बोललो आहोत? आणि आपल्यातही गटतट कमी नाहीत. एका गटाच्या कार्यक्रमाला दुसऱ्या गटाने जायचे नाही, हे आपण पाहतोच. मोबाईलवर आपल्या मताचे आले की पुढे ढकलायचे, विरुद्ध आले की शिवी हासडायची, ही रीत तरुणांत वाढते आहे. बाबासाहेबांनी विरोधकाचे म्हणणे छापले होते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

म्हणून विहारासाठी चार साध्या सूचना करतो. पहिली, विहारात पुस्तकांचे कपाट असावे. त्यात बाबासाहेबांचे खंड, फुले, कोसंबी यांच्या बरोबरीने गांधींचे, मार्क्सचे, कुराणाचे, बायबलचे, गीतेचे मराठी पुस्तकही असावे. दुसरी, पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास फक्त प्रश्नांसाठी ठेवावा, आणि त्यात आधी बायका-मुलांनी विचारावे. भाषण करणाऱ्यांना तो अर्धा तास ऐकण्याची सवय लागेल. तिसरी, मुलांची सहल दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला न्यावी. तिथे एकोणतीस लेणी आहेत. आधी बौद्धांनी कोरलेली, नंतर नाथपंथीयांनी वापरलेली. एकाच डोंगरात दोन पंथांचा इतिहास मुलांना हाताने चाचपता येईल. चौथी, वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो, ते आरंभीच्या परिचयापासून करावे.

हा परिचय फार महत्त्वाचा आहे. त्यात बाबासाहेबांनी बुद्ध धम्माविषयीच चार प्रश्न उभे केले आहेत : सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा बसतो, आणि भिक्षूसंघ कशासाठी आहे. ज्या धम्माची दीक्षा ते देणार होते, त्यावरचे प्रश्न त्यांनी स्वतःच पहिल्या पानांवर लिहिले, आणि वाचकांनी पुढे येऊन त्यांत आपली भर घालावी अशी इच्छा व्यक्त केली. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. काही बौद्ध अभ्यासकांनी त्यावर टीकाही केली. ती टीकाही वाचावी. बाबासाहेबांना ते आवडलेच असते.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांनी पुढे मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. तो भंते नागसेनांना प्रश्न विचारत गेला आणि त्या प्रश्नोत्तरांचा 'मिलिंदपञ्ह' ग्रंथ झाला. आपल्या मुलांसाठी कॉलेज काढताना बाबासाहेबांना उत्तर देणाऱ्याचे नाव देता आले असते. त्यांनी विचारणाऱ्याचे दिले. परक्या देशाच्या, परक्या विचाराच्या, शंका घेऊन आलेल्या माणसाचे.

आपल्या विहारातही पुढच्या वर्षभरात एखादा मिलिंद तयार व्हावा, मग तो आपल्या वाडीतला असो की शेजारच्या मोहल्ल्यातला, आणि त्याच्या प्रश्नाला बसायला जागा मिळावी, एवढीच वर्धापनदिनी सदिच्छा. सर्वांना मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!